मागची सीट

गाडी हवेत असताना आवाज येत नाही. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं, पटलं कुणालाच नाही. त्यांचंही बरोबर आहे. खाली इंजिनं किंचाळत असतात, कुंपणापलीकडं लोक शिट्ट्या मारत असतात, भोंग्यावरचा माणूस घसा फोडत असतो. पण मातीच्या उंचवट्यावरून गाडी सुटली, की चाकांखालची जमीन जाते आणि जमिनीबरोबर आवाजही खाली राहून जातात. विहिरीत सूर मारल्यावर पाण्याच्या आत जसं वाटतं, तसं काहीसं. मग मागचं चाक टेकतं आणि सगळा गलका एकदम अंगावर येतो.

मी मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती खेळायचो. आमच्या गटात दोन हंगाम देशात पहिला आलो. तिसऱ्या हंगामात पडलो आणि ते संपलं. गोष्ट एवढीच, पण मला ती अशी सलग आठवत नाही. दुपारी डोळा लागता लागता कधी लाल माती दिसते, कधी कुण्या अनोळखी गावातली पहाट, कधी उस्तादांच्या हाताचा पेट्रोलचा वास. कशानंतर काय, ते मागून जुळवावं लागतं.

आमचं गाव जाफराबाद. बारावी झाल्यावर मी मामाच्या दुधाच्या धंद्यात होतो. पूर्णेच्या पल्याडच्या वस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि गावातल्या डेअरीवर घालायचं. पुलावरून जायचं तर लांबचा फेरा, म्हणून उन्हाळ्यात मी सरळ कोरड्या पात्रातून गाडी काढायचो. वाळूत जोर केला की गाडी रुतते, घाबरून ब्रेक दाबला की आडवी होते. तिला थोडं डुलू द्यावं लागतं. मागं दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन. दूध हिंदकळलं की झाकणातून सांडायचं आणि मामा दिवसभर बोलायचा. त्यामुळं कॅनमधल्या दुधाकडं कान ठेवून गाडी चालवायची मला सवय लागली. डेअरीवर पोचेपर्यंत दूध झोपल्यासारखं शांत असायचं.

एके सकाळी काठावर एक माणूस बकऱ्यांना पाणी पाजत उभा होता. एसटी स्टँडजवळ त्यांचं गॅरेज होतं, म्हणून तोंडओळख होती. त्यांनी हात करून थांबवलं.

"रेतीत गाडी तू चालवून राह्यला, का गाडी तुला?"

"ती आपली आपण चालते," मी म्हणालो. "मी वर बसतो निस्ता."

ते बराच वेळ माझ्या चाकांनी वाळूत काढलेली रेघ बघत राहिले. "हां," म्हणाले, "वैसाच बैठना. कुणी शिकवलं तरी बदलू नको."

त्या दिवसापासून ते माझे उस्ताद झाले. गॅरेजच्या मागच्या अंगाला त्यांनी एक जुनी दोन स्ट्रोकची गाडी उघडून ठेवली होती. दिवसभर गिऱ्हाईक आणि संध्याकाळी ती गाडी. स्वतः त्यांनी कधी शर्यत खेळली नव्हती. तरुणपणी औरंगाबादला एकदा बघितली होती, आणि तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. घर गॅरेजला लागूनच. आतून त्यांच्या बेगमचा, आमच्या चाचींचा, आवाज यायचा, "खाना ठंडा होरा जी!" उस्ताद 'आलो' म्हणायचे आणि जायचे नाहीत. मग चाची दोन ताटं बाहेर आणून ठेवायच्या, एक त्यांचं, एक माझं.

पहिल्या शर्यतीत मी पहिल्याच वळणावर पडलो, कारण तिथं वाळू नव्हती, चिकणमाती होती. दुसऱ्या वेळी वळणं निभावली. पुढं पुण्याच्या एका संघानं मला घेतलं आणि गाव मागं पडलं. नाशिक, कोल्हापूर, दक्षिणेतली शहरं, एकदा तर थेट आसाम. जिथं जायचो तिथं मी आधी खाली बसून माती हातात घ्यायचो. काही माती भाकरीच्या पिठासारखी मऊ, काही भाजल्यासारखी कडक. गावांची नावं विसरलो, पण माती दाखवली तर आजही सांगू शकेन की इथं मी आलो होतो.

वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. त्यांना या सगळ्याचा राग नव्हता, पण अर्थही लागत नव्हता. एकदा मी फोनवर ट्रॅकवरचे उंचवटे, खड्डे, उड्या असं सगळं वर्णन करून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मंग शर्यतीच्या आधी ते मैदान सपाट का करून घेत न्हाईत?"

पहिला हंगाम जिंकलो तेव्हा मी दक्षिणेत होतो. शेवटची शर्यत संपली, मला खांद्यावर घेतलं, फोटो काढले. त्या रात्री काय खाल्लं, कुठं झोपलो, काही आठवत नाही. परतीचा प्रवास मात्र स्वच्छ आठवतो. रेल्वेनं जालन्याला उतरलो आणि जाफराबादची एसटी धरली. चषक इतका मोठा की वरच्या फळीवर मावेना. मांडीवर घेऊन बसलो. राजूर आलं. चतुर्थी होती, गणपतीला आलेल्यांची गर्दी बसमध्ये चढली आणि कंडक्टर वाट काढत माझ्यापाशी आला.

"हे भांडं कुणाचं? लगेज लागंल याला."

"भांडं न्हाई, बक्षीस हाय."

"कशाचं?"

"मोटरसायकलच्या शर्यतीचं. देशात पहिला आलो."

त्यानं माझ्याकडं बघितलं, चषकाकडं बघितलं. "मोटरसायकल कुठंय मंग?" शेजारची बाई प्रसादाचे पेढे पदरात धरून बसली होती. तिनं त्यातला एक चषकात टाकला. "पहिला आला म्हन्तो ना? राहू द्या त्याला," म्हणाली. टेंभुर्णीपर्यंत त्यात चिरमुरे, खोबऱ्याचे तुकडे, कुणाचं तरी केळ असं काय काय जमा झालं. खिडकीतून ऊन येत होतं आणि मला पेंग येत होती. जिंकल्याचा आनंद मला खरा त्या पेंगेत झाला असावा.

लग्न त्याच सुमारास झालं. विहाराच्या अंगणात, पांढऱ्या कपड्यांत, साध्या पद्धतीनं. बायको धावड्याची. माहेरी मिरचीची शेती, आणि ती स्वतः नर्स. राजूर आणि टेंभुर्णीच्या मधल्या एका उपकेंद्रात तिची नेमणूक होती. वस्त्यांवरच्या बायका तिला सिस्टर म्हणायच्या, मीही थट्टेनं तेच म्हणायला लागलो. लग्नानंतर एकदा तिला मागं बसवून राजूरपर्यंत नेलं. उतरली, साडी नीट केली आणि म्हणाली, "येताना मी जीपनं येते."

"जोरात न्हाई चालवली मी."

"जोरात न्हाई चालवली. पण तुमची नजर रस्त्यावर नसती, त्याच्या बी पुढं असती. मागं बसून मला वाटलं, तुम्ही मला कुठं तरी सोडून पुढं गेलाय."

आणि खरंच ती शेअर जीपनं आली. मी जीपच्या मागं मागं. जीपमधल्या बायका मागच्या काचेतून माझ्याकडं बघून हसत होत्या. त्यानंतर ती माझ्या मागं कधी बसली नाही. भांडण नाही, रुसवा नाही, बसायची नाही एवढंच.

पडलो ती उडी काही अवघड नव्हती. तशा उड्या दिवसातून कितीतरी वेळा मारायचो. मला आठवतं ते असं, की मी वर गेलो, आवाज थांबले, आणि कुंपणापलीकडं एक घर दिसलं. घराच्या अंगणात एक बाई दोरीवर हिरवं लुगडं वाळत घालत होती. लुगड्यात वारा भरला आणि ते फुगलं. तिनं ते दोन्ही हातांनी खाली ओढलं. एवढं सगळं बघण्याइतका वेळ हवेत मिळत नाही, हे मला कळतं. मग हे मी तेव्हा बघितलं, की नंतर दवाखान्यात गुंगीत, ते सांगता येत नाही. संघातली मुलं म्हणाली, तिकडं घर नव्हतंच, नुसती नारळाची बाग होती.

शुद्धीवर आलो तेव्हा उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. हाडं जुळली, पण कानाच्या आतलं तोल सांभाळणारं जे काही असतं, ते त्या बाजूचं गेलं होतं. डॉक्टर तरुण होते, माझ्या शर्यती त्यांनी फोनवर बघितल्या होत्या. त्यांनाच बोलायला जड जात होतं. "चालता येईल," म्हणाले, "हळूहळू सगळं करता येईल. पण दोन चाकी पुन्हा चालवायची नाही. अंधारात, खडबडीत जागी जमीन तुम्हाला खोटं सांगेल."

घरी आलो. जमीन खोटं सांगते म्हणजे काय, ते कळायला लागलं. खाटेवर पडलो की खाट पाण्यावर ठेवल्यासारखी हलायची. उभं राहिलो की अंगण एका अंगानं उचलायचं. उजव्या कानात बारीक घूं घूं चालायची, लांब नदीपल्याड कुणी तरी गाडी चालू ठेवून निघून गेल्यासारखी. सुरुवातीला त्यानं जीव नकोसा झाला. पुढं पुढं मी त्या हलण्यात झोपायला शिकलो.

उस्ताद रोज यायचे. शर्यतीचं अवाक्षर काढायचे नाहीत. येताना एक कार्बोरेटर फडक्यात बांधून आणायचे, खाटेशेजारी खाली बसायचे आणि तो उघडून, ब्रशनं साफ करून, पुन्हा जोडायचे. कधी कधी तोच परत उघडायचे. पेट्रोलचा वास खोलीत भरायचा. बायको दवाखान्याच्या सवयीनं खिडकी उघडायची, पण त्यांना काही बोलायची नाही. एकदा मी म्हणालो, "उस्ताद, साफ झाला की तो."

"हौ," ते म्हणाले. "बिलकुल साफ हाय." आणि पहिला स्क्रू फिरवायला लागले.

त्याच हिवाळ्यात उस्ताद गेले. झोपेतच गेले. मी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून कब्रस्तानापर्यंत चालत गेलो. दुखण्यानंतर पहिल्यांदाच इतका लांब चाललो होतो. सगळा रस्ता हेलकावे खात होता आणि पुढं खांद्यांवरून उस्ताद चालले होते, तेही हेलकावे खात. गॅरेजचं शटर खाली आलं.

बायकोला कामासाठी वस्त्यांवर फिरावं लागायचं. जीप भरेपर्यंत थांबायचं, फाट्यावर उतरायचं, मग पायी. एक दिवस ती स्कूटी घेऊनच आली, म्हणजे शोरूमवाल्यानं आणून दारात लावली. मी बघतच राहिलो.

"शिकवा," ती म्हणाली.

"मी?"

"मंग काय बाहेरून माणूस आणू? लोक काय म्हंतील!"

बाजार समितीचं मैदान आठवड्यातले बरेच दिवस रिकामं असतं. तिथं मी एका ओट्यावर बसायचो आणि ती माझ्यापुढून जायची. पहिल्या दिवशी तिनं मूठ एकदम पिळली आणि गाडी तिला घेऊन कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथपर्यंत गेली. मी ओरडलो, पण काय ओरडावं तेच कळेना. आयुष्यभर जे अंगानं केलं, त्याला शब्द कुठून आणायचे? शेवटी सुचलं.

"इंजेक्शन कसं देती तू?"

"म्हंजी?"

"दट्ट्या एकदम दाबती का?"

"एकदम दाबला तर पेशंट बोंबलंल की."

"मंग तशीच मूठ फिरव. गाडीला इंजेक्शन देऊन राह्यले, असं समज."

ती हसली. पुन्हा बसली, आणि गाडी इतकी अलगद निघाली की मैदानातली कबुतरंसुद्धा उडाली नाहीत.

थोड्या दिवसांनी ती गाडी माझ्यापाशी थांबवून म्हणाली, "बसा मागं."

मी बसलो. हात कुठं ठेवायचे ते कळेना. मागची दांडी धरली. गाडी वळली की माझा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. "ओ, पाय हलवू नका," ती पुढूनच म्हणायची, "गाडी मला कळू द्या." भीती वाटत होती. देशभरच्या मैदानांत मला असली भीती वाटली नव्हती. गावाबाहेर आलो, रस्ता सरळ लागला आणि मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की तोल आणखीच जायला लागला, म्हणून उघडले. पुढं तिचं हेल्मेट होतं, पुढचं काही दिसत नव्हतं. मग नाइलाजानं बाजूला बघितलं.

बाजूला तूर होती. पिवळी फुलं लागलेली तूर, आणि तिच्यावरून वारा चालला होता. मग कापूस, बायका ओटीत बोंडं वेचत होत्या, त्यातली एक ताठ उभी राहून कमरेवर हात ठेवून आमच्याकडं बघत होती. तारेवर कोतवाल पक्षी. बांधावर एक म्हातारा बसून तंबाखू मळत होता, त्यानं तळहातावर मारलेली थापही दिसली. हा रस्ता मी किती वर्षं तुडवला होता! या रस्त्याला बाजू आहे, हे मला माहीत नव्हतं.

पुढं लसीकरणाच्या दिवशी मी तिच्याबरोबर जायला लागलो. लशीचा निळा डबा मांडीवर धरायचा, हे माझं काम. वस्तीवरची पोरं दुरून गाडी ओळखायची आणि डबा दिसला की पळायची. बायका म्हणायच्या, "सिस्टरचे मालक लई चांगले हायेत, डबा धरून येतात." मी कोण होतो ते तिथं कुणाला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. लिंबाच्या सावलीत बसायचो. जमीन हळूहळू हलत असायची, सावलीही हलत असायची. कोणती खरी हलते त्याचा विचार करणं मी सोडून दिलं. कधी एखादी बाई तिचं मोठं मूल माझ्यापाशी बसवून जायची, ते झोपून जायचं, मलाही झोप लागायची. संध्याकाळी बायको खांद्याला हात लावून उठवायची. "चला, निघायचं."

एकदा जालन्याजवळ काही पोरांनी मातीची शर्यत भरवली. मला पाहुणा म्हणून बोलावलं. नको म्हणत होतो, पण बायको म्हणाली, "मी तुम्हाला तिथं कधी बघितलंच न्हाई. निदान ती जागा तरी बघू द्या." स्कूटीवर गेलो. पोरं पाया पडली. झेंडा हलवून मी शर्यत सुरू केली. आवाज फक्त डाव्या कानात शिरत होता, अर्धाच, त्यामुळं सगळं भिंतीपलीकडं चालल्यासारखं वाटत होतं. वाईट वाटेल असं घरून निघताना वाटलं होतं. तसं वाटलं नाही. खूप आधी राहिलेल्या घरावरून गेल्यासारखं वाटलं.

शर्यत संपली आणि भोंग्यावरच्या पोराला हुरूप आला. "आता आपल्या मातीतले चँपियन एक चक्कर मारून दाखवणार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं त्याची गाडी माझ्यापुढं आणून उभी केली. मी गाडीच्या टाकीवर हात ठेवला. गरम होती.

"मला चालवता येत न्हाई आता," मी म्हणालो. "डॉक्टरनी मना केलंय."

टाळ्या थांबल्या. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मागून बायकोचा आवाज आला, "मी चालवते की. आमची गाडी हाय ना बाहेर."

कुणी तरी स्कूटी आत आणली. ती बसली, पदर खोचला, मी मागं बसलो. हातात झेंडा तसाच होता. आणि आमची चक्कर सुरू झाली. उंचवट्यांच्या बाजूनं, सपाट जागेवरून, चालत्या माणसाच्या वेगानं. आधी लोक हसले. मग हसता हसता टाळ्या वाजवायला लागले आणि चक्कर संपेपर्यंत थांबलेच नाहीत. मी बघत होतो. वळणावर माती दोन रंगांची होती, वर काळी आणि खाली भुरकट. एका खाचेत गोगलगायीचा रिकामा शंख पडला होता. एवढ्या गाड्या गेल्या, तरी तो शाबूत होता. कुंपणाशी एक बाप लेकीला खांद्यावर घेऊन उभा होता. लेक माझ्याकडं बघत नव्हतीच, ती बायकोकडं बघत होती.

"पडत न्हाई ना मी?" बायकोनं विचारलं.

"न्हाई. बराबर चाललीस."

त्या चकरेचा व्हिडिओ कुणी तरी काढला आणि तो गावभर फिरला. चार दिवसांनी सकाळी दारात चाची उभ्या. उस्ताद गेल्यापासून त्या घरातच कपडे शिवायच्या, बाहेर फारशा पडायच्या नाहीत. केस पांढरे झालेले. बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही.

"मेरेकू बी सिखा," म्हणाल्या.

"काय, चाची?"

"गाडी. बेटी टेंभुर्णीत दिली हाय. दिल आया तो निकलना. जीपवाला बोलता, 'खाला, और चार सवारी आने दो.' मेरेकू सवारी का रास्ता नई देखना."

आम्ही पुन्हा बाजार समितीच्या मैदानात. चाचींनी बुरखा जरा वर खोचला, गाडीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू पीछे बैठ."

"चाची, मला तोल न्हाई. दोघं पडू."

"तो पडेंगे. इत्ता क्या डरता? तेरे उस्ताद के हाथ का खाना नई खाया तू, मेरे हाथ का खाया."

मी बसलो. पहिल्या दिवशी आम्ही दोनदा मऊ मातीत आडवे झालो. चाची उठायच्या आधी हसायच्या. बायको ओट्यावरून पळत यायची, आधी त्यांचे गुडघे बघायची, मग माझे. दमल्या की चाची ओट्यावर बसून उस्तादांच्या गोष्टी सांगायच्या. "नींद में बी बोलते थे," त्या म्हणाल्या. "'चोक खोल, चोक खोल.' मैं उठके खिडकी खोलती थी. मेरेकू क्या मालूम, चोक क्या होता!" मग समोरच्या स्कूटीकडं बोट केलं. "आज मालूम हुआ तो बोले, इस गाडी को चोकच नई हाय."

त्या शिकल्या आणि त्यांनी स्वतःची स्कूटी घेतली. टेंभुर्णीला पहिल्यांदा एकट्या निघाल्या त्या दिवशी आम्ही दोघं अंतर ठेवून त्यांच्या मागं गेलो. त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. हिवाळ्याची सकाळ, रस्त्यावर धुकं होतं, धुक्यात त्यांचा काळा बुरखा फुगायचा आणि दिसेनासा व्हायचा, पुन्हा दिसायचा. बायको म्हणाली, "जरा जोरातच जाऊन राह्यल्या." लेकीच्या दारात पोचल्यावर त्यांनी हॉर्न दाबला तो सोडेचनात. लेक पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि आईकडं बघत तशीच उभी राहिली. तिला वाटलं, आईला कुणी तरी घेऊन आलंय. ती इकडं तिकडं त्या माणसाला शोधत होती.

चाचींनंतर आणखी बायका आल्या. अंगणवाडीच्या मॅडम, एक शिक्षिका, बचत गटातल्या दोघी. मी ओट्यावर बसून सांगायचो, कधी मागं बसायचो. आता बायकोची बदली धावड्याला झाली आहे आणि आम्ही इथंच राहतो, तिच्या माहेरापासून चार घरं सोडून. मिरचीचा बाजार उठला की मागची जागा मोकळी होते, तिथं माझी शिकवणी चालते. हंगामात हवा इतकी तिखट असते की शिकणारी शिंकते, मी शिंकतो, आणि गाडी आपली सरळ चाललेली असते. कानातली घूं घूं अजून आहे. तिच्याकडं माझं रोज लक्ष जातं असं नाही.

गेल्या महिन्यात सकाळी सकाळी दारात हॉर्न वाजला. बघतो तर चाची. जाफराबादहून धावड्यापर्यंत एकट्या आल्या होत्या. तोंडावर धूळ, हेल्मेटखालून पांढऱ्या बटा निघालेल्या. बायकोनं हात धरून आत आणलं, चहा ठेवला, रागावली, पुन्हा चहा ओतला. चाची भिंतीला टेकून बसल्या, सासूबाईंनी आणून दिलेल्या हिरव्या मिरच्यांतली एक मोडून वास घेतला आणि दारातून दिसणाऱ्या डोंगराकडं बघत राहिल्या.

"वो पहाड के पीछे क्या हाय?"

"तिकडं अजिंठा," मी म्हणालो.

"कित्ता दूर?"

"लांब न्हाई. पण घाटाचा रस्ता हाय, चाची."

त्यांनी कप खाली ठेवला. "पेट्रोल बराबर हाय मेरे पास," म्हणाल्या.

मी बायकोकडं बघितलं. तिची सुट्टी होती. तिनं चाचींचा रिकामा कप उचलला, विसळून पालथा घातला आणि खुंटीवरची किल्ली काढायला गेली.